महिन्याला दीडशेच पानं लागतात?

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या या ताई आठवी ते दहावीच्या २२ मुलांना घरीच गणित शिकवतात. मागच्या दिवाळीत यजमानांनी मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी ४,५०० रुपयांचा कार्ट्रिजवाला प्रिंटर आणला. आता त्यावर मुख्यतः शिकवणीचे सरावसंच निघतात. काळी कार्ट्रिज ८५० रुपयांना मिळते. खोक्यावर १८० पानं लिहिलेली असली तरी दीडशेच्या आसपास ती संपते, म्हणून ताईंनी महिन्याला एकच घ्यायची असं ठरवलं आहे. गावातला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणतो, १,८०० रुपयांत याच प्रिंटरला बाहेरून शाईच्या टाक्या बसवून देतो. दीर म्हणतात, सरळ १३,००० चा इंक टँक (बाटलीने शाई भरायच्या टाक्यांचा) प्रिंटर घ्या. सासूबाईंचं म्हणणं, कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान असताना घरात यंत्रं कशाला? यजमान विचारतात, महिन्याला दीडशे पानांसाठी एवढे पैसे कोण घालतं, आणि वर्षाच्या आतला प्रिंटर अडगळीत टाकायचा का? ताईंचा प्रश्न असा: "माझ्या शिकवणीच्या हौसेपायी घरावर हा खर्च टाकणं बरोबर आहे का? टाकीच्या प्रिंटरचा फायदा खरंच होतो, की नुसती जाहिरात आहे?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. पहिलं असं: "कार्ट्रिज संपत आली की प्रश्न फळ्यावर लिहून देते, मुलं वहीत उतरवून घेतात, त्यात पंधरा-वीस मिनिटं जातात." आणि दुसरं: "शाई पुरावी म्हणून एका पानावर दोन पानं बारीक करून छापते, पण मग भूमितीच्या आकृतीतले कोन मुलांना नीट वाचता येत नाहीत." ही काही तक्रार नव्हे, तुम्ही जाता जाता सांगितलं आहे. पण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला या दोन वाक्यांत दिसतं.

घरात सगळे जण 'महिन्याला १५० पानं' हा आकडा धरून बोलत आहेत. यजमानांना त्यावरून तेरा हजार जास्त वाटतात, सासूबाईंना झेरॉक्स पुरेसं वाटतं, आणि तुम्ही स्वतःच्या कामाला हौस म्हणता. पण हा आकडा तुमच्या शिकवणीची गरज मोजून कुणी काढलेला नाही. महिन्याला एकच कार्ट्रिज घ्यायची असं तुम्ही ठरवलंत आणि एका कार्ट्रिजमधून दीडशे पानं निघतात, एवढाच त्याचा उगम. हात आखडून केलेल्या वापराला आपण गरज म्हणू लागलो की पुढचे सगळे हिशेब त्याच मापाने होतात. यजमानांचं गणित बरोबर आहे, त्यांच्या हाती दिलेली संख्या तेवढी चुकीची आहे.

तुम्हीच लिहिता की मनासारखं द्यायचं तर प्रत्येक मुलाला आठवड्याला चार पानांचा सराव हवा. २२ मुलांची आठवड्याला ८८ पानं होतात, महिन्याला साधारण ३५०. जून ते मार्च असं दहा महिन्यांचं वर्ष धरलं तर ३,५०० पानं. आता हा आकडा समोर ठेवून शाईकडे बघू.

स्वस्त प्रिंटर आणि महाग कार्ट्रिज हा योगायोग नाही. यंत्र कमी नफ्यात विकायचं आणि शाईवर कमवायचं ही या धंद्याची जुनी रीत आहे. तुमच्या प्रकारच्या छोट्या काळ्या कार्ट्रिजमध्ये साधारण ८ मिलिलिटर शाई असते. ८५० रुपयांना ८ मिलिलिटर म्हणजे एका मिलिलिटरला शंभराहून जास्त रुपये. टाकीच्या प्रिंटरची काळी बाटली मॉडेलप्रमाणे बहुधा ६५ पासून १३५ मिलिलिटरपर्यंत असते. ६५ मिलिलिटरची बाटली चारशे रुपयांच्या आसपास धरली तर मिलिलिटरला सहा रुपये पडतात. भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, त्यामुळे तुमच्याकडच्या दुकानात विचारून आकडे घाला. फरक तरीही असाच मोठा दिसेल.

खोक्यावरची १८० पानं तुमच्याकडे दीडशेवर का येतात, हेही सांगते, कारण बाटलीच्या बाबतीतही तेच होणार आहे. कंपन्या हा आकडा ठरावीक चाचणी-पानांवर, एकापाठोपाठ एक सलग छपाई करून काढतात. घरी आपण आज पाच पानं काढतो, चार दिवसांनी वीस. मधल्या काळात प्रिंटर स्वतःचं हेड, म्हणजे कागदावर शाई फवारणारा भाग, स्वच्छ ठेवण्यासाठी शाई खर्च करतो. शिवाय तुमची पानं गच्च भरलेली असतात. त्यामुळे ६५ मिलिलिटरच्या बाटलीवर ४,५०० पानं लिहिली असतील तर मनात ३,५०० च धरा. पहिल्या बाटलीतून तर आणखी कमी निघतील, कारण नव्या प्रिंटरच्या नळ्या आणि हेड भरण्यातच तिचा काही भाग जातो.

३,५०० पानं म्हणजे तुमचं एक शैक्षणिक वर्ष. ताई, एका काळ्या बाटलीत तुमचं जून ते मार्च निघतं, तेही अक्षर बारीक न करता. आता दहा महिन्यांत दहा कार्ट्रिजना ८,५०० रुपये जातात आणि हाती येतात फक्त दीड हजार पानं. टाकीच्या प्रिंटरवर काळी शाई, प्रोजेक्टपुरते रंग आणि हेड सफाईत जाणारी शाई असा सगळा खर्च वर्षाला हजार रुपये धरा. हजार म्हणजे मी सढळ हाताने धरले आहेत. वाढलेल्या दोन हजार पानांचा कागद जमेस धरूनही वर्षाला सहा-साडेसहा हजार वाचतात. म्हणजे १३,००० साधारण दोन वर्षांत वसूल.

यातून आणखी एक गोष्ट उलटीपालटी होते. ७५ जीएसएमच्या (हे कागदाच्या वजनाचं माप) ५०० कागदांची रीम २८० रुपयांना धरली तर एक कोरा कागद ५६ पैशांना पडतो आणि त्यावरची काळी शाई ११-१२ पैशांना. मग शाई वाचवण्यासाठी भूमितीची आकृती आक्रसून छापण्यात काही अर्थ उरत नाही. आकृती मोठी काढा, मुलांना उत्तर लिहायला मोकळी जागा सोडा, आणि काटकसर करायचीच तर पाठपोट छापा. साध्या प्रिंटरमध्ये कागद हाताने उलटावे लागतात, पण दोन-चार वेळा केलं की कोणती बाजू कशी ठेवायची ते हाताला कळतं.

टाकीचा मला दिसणारा सगळ्यात मोठा फायदा पैशांचा नाहीच. प्रिंटचं बटण दाबण्याआधी मनात जी घासाघीस चालते, 'हे पान खरंच हवं का, फळ्यावर भागेल का,' ती थांबते. शिकवणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे फार मोलाचं आहे. एखाद्या मुलीला अपूर्णांकच जड जातात, दुसऱ्या मुलाची बीजगणितात फक्त चिन्हं चुकतात. त्या दोघांसाठी रात्री दहा वाजता वेगवेगळं एकेक पान काढावं असं तुम्हाला वाटत असणार. साडेपाच रुपयांचं पान असेल तर तो विचार आपण मनातच मिटवून टाकतो.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे येते, कारण त्यांचा मुद्दा वाटतो त्याहून भक्कम आहे. कार्ट्रिजशी तुलना केली की टाकीचा प्रिंटर दोन वर्षांत वसूल होतो. पण झेरॉक्सशी केली तर? दुकानदार एकगठ्ठा कामाला पानामागे दीड रुपया लावत असेल, तर ३,५०० पानांचे ५,२५० रुपये झाले. घरी टाकीवर शाईचे हजार आणि सात रीम कागदाचे जवळजवळ दोन हजार धरून तीन हजार. वर्षाला सव्वादोन हजारांचा फरक. या दराने १३,००० वसूल व्हायला जवळपास सहा वर्षं लागतील. म्हणून 'घरी छापणं झेरॉक्सपेक्षा पुष्कळ स्वस्त' असं कुणी सांगितलं तर सरसकट मान्य करू नका. एकाच पानाच्या पुष्कळ प्रती हव्या असतील तर कोपऱ्यावरचं दुकान चांगलं आहे, स्वस्त आहे, आणि तिथल्या प्रती पाण्याने पसरतही नाहीत. तुमच्या सराव परीक्षांच्या २२-२२ प्रती पुढेही तिथूनच काढा. घरचा प्रिंटर उपयोगी पडतो तो वेगवेगळ्या पानांच्या थोड्या थोड्या प्रती, अवेळी आणि ऐनवेळी लागतात तेव्हा. तुमच्या कामात दोन्ही प्रकार आहेत, त्यामुळे सासूबाई आणि दीर यांच्यापैकी एकाला खोडून काढायची गरजच नाही.

दुरुस्तीवाल्याच्या १,८०० रुपयांच्या पर्यायावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण असं विचारणारी पत्रं बरीच येतात आणि वरवर तो सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

बाहेरून टाक्या जोडण्याची पद्धत खोटी नाही. उलट कंपन्यांनी टाकीचे प्रिंटर काढले तेच ग्राहक असे बाहेरून टाक्या जोडून घेतात हे पाहून. इंडोनेशियात हे फार चालायचं, आणि एप्सनने स्वतःचा टाकीचा प्रिंटर २०१० साली पहिल्यांदा आणला तो इंडोनेशियातच. नंतर कॅनन, ब्रदर, एचपी याच वाटेने आले. त्यामुळे तुमच्या गावच्या माणसाकडे 'जुगाड' म्हणून नाक मुरडू नका. प्रश्न तुमच्या प्रिंटरच्या घडणीचा आहे.

शाईचे प्रिंटर ढोबळमानाने दोन प्रकारचे. काहींत शाई फवारणारं हेड यंत्रातच कायमचं बसवलेलं असतं आणि कार्ट्रिज ही फक्त शाईची डबी असते. दुसऱ्या प्रकारात हेड कार्ट्रिजच्याच तळाशी चिकटलेलं असतं. कार्ट्रिज बाहेर काढून खाली बघा. तांबूस-सोनेरी पट्टी आणि बारीक भोकांची चकती दिसली तर तुमचा दुसरा प्रकार. चार-पाच हजारांतले बहुतेक प्रिंटर असेच असतात. ते हेड एका कार्ट्रिजच्या आयुष्यापुरतं बनवलेलं असतं. त्यात शाई क्षणभर तापवून तिच्या बुडबुड्याने थेंब बाहेर ढकलला जातो. हेडपर्यंत शाई पोचली नाही आणि ते कोरडंच तापत राहिलं तर ते जळतं. अशा कार्ट्रिजला भोक पाडून नळी जोडली की काही महिने छान चालतं, मग एके दिवशी पांढऱ्या रेषा यायला लागतात. तेव्हा नवी कार्ट्रिज घ्या, पुन्हा भोक पाडा, पुन्हा नळी जोडा. १,८०० हा एकदाचा खर्च राहत नाही.

दुसरी अडचण उंचीची. या जोडणीत शाई कुठला पंप ढकलत नाही, टाकी आणि हेड यांच्या पातळीवर सगळं अवलंबून असतं. टाकी वर ठेवली तर शाई ओघळून प्रिंटरच्या पोटात जाते, फार खाली ठेवली तर हेडपर्यंत पोचत नाही. नळीत हवेचा बुडबुडा अडकला की छपाई अर्ध्यावर तुटते, आणि झाकणाच्या फटीतून काढलेली नळी कार्ट्रिज घेऊन पुढे-मागे होणाऱ्या गाड्याला घासत राहते. रोज त्यावर काम करणाऱ्या, हात काळे करून घ्यायची तयारी असलेल्या माणसाला हे जमतं. शिकवणीला मुलं येऊन बसलेली असताना तुम्हाला नळीतली हवा काढत बसायला लागू नये, असं मला वाटतं. आणि तुमच्या प्रिंटरची वॉरंटी अजून शिल्लक असेल तर या कामाने ती जाईल. म्हणून तुमच्यासाठी हा पर्याय मी बाजूला ठेवीन. यंत्रातच हेड असलेला जुना प्रिंटर, संपलेली वॉरंटी आणि भरवशाचा कारागीर असं ज्यांच्याकडे असेल, त्यांनी खुशाल विचार करावा.

टाकीचा प्रिंटर मी प्रत्येकाला सुचवत नाही, हेही सांगायला हवं. ज्या घरात महिन्यात दोनदा आधार कार्डाची प्रत आणि कधीतरी रेल्वेचं तिकीट एवढंच निघतं, तिथे हा प्रिंटर सुकून खराब होण्याची शक्यता जास्त. शाई द्रव आहे, हेडची भोकं केसाहून बारीक आहेत, वापर नसला की ती बुजतात. अशा घरांना झेरॉक्सच बरं. ज्यांना फक्त काळी पानं लागतात, तीही एकदम दोनशे आणि मग दोन महिने काहीच नाही, त्यांनी लेसर प्रिंटर बघावा. त्याचं टोनर ही कोरडी पूड असते, ती सुकत नाही, आणि पान भिजलं तरी अक्षर पसरत नाही. मात्र लेसर प्रिंटर पूड कागदावर वितळवून बसवतो, त्यासाठी काही शे वॅट वीज ओढतो, आणि घरचा छोटा इन्व्हर्टर तिथे मान टाकतो. टाकीचा साधा प्रिंटर छपाई करताना पंधरा-वीस वॅटच्या आसपास घेतो. तुमच्याकडे संध्याकाळी वीज जाते असं तुम्ही लिहिलं आहे, आणि तीच शिकवणीची वेळ. मुलीच्या प्रोजेक्टना रंगही लागतात. त्यामुळे तुमच्या बाबतीत माझा कौल टाकीकडे आहे.

'हौस' हा शब्द मात्र मला पत्रात बोचला. २२ मुलांची फी दरमहा घरात येते, ती घरखर्चाला लागते असं तुम्हीच पुढच्या परिच्छेदात लिहिता. ज्या कामाचे पैसे घरात येतात त्याच्या अवजारावर केलेला खर्च हा घरावरचा भार कसा होतो? यजमानांनी कामासाठी दुचाकी घेतली असती तर ती हौस ठरली असती का? त्यांच्याशी भांडा असं मी म्हणत नाही. त्यांच्या प्रश्नात मला विरोधापेक्षा काळजीच जास्त दिसते. पण बोलणी 'मला प्रिंटर हवाय' इथून सुरू करू नका. दहा महिन्यांत कार्ट्रिजना ८,५०० गेले आणि त्यात निम्म्याहून कमी काम झालं, हा कागद त्यांच्यापुढे ठेवा. त्याआधी एक महिना वहीत नोंद करा: किती पानं छापली, किती झेरॉक्स केली, आणि किती पानं हवी होती पण काढली नाहीत. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तो आजवर कुणी भरलाच नव्हता. महिनाअखेर तिन्हींची बेरीज ३५० च्या खूप खाली, समजा दीडशे-पावणेदोनशेवरच आली, तर माझा सल्ला सोडून द्या आणि सगळं झेरॉक्सवर न्या.

पैसे एकदम काढणं जड असेल तर पालकांकडे मोकळेपणाने बोला. पुष्कळ शिकवण्यांमध्ये वर्षाच्या सुरुवातीला सरावसंचांचं वेगळं शुल्क घेतात. प्रत्येक मुलामागे वर्षाला दोनशे रुपये घेतले तरी ४,४०० होतात. कागद-शाई भागून थोडे उरतातही. ज्यांना देणं जमत नाही त्यांच्याकडून घेऊ नका, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

घ्यायचं ठरलं तर दुकानात काय बघायचं? पहिला प्रश्न काळ्या शाईचा. ती पिगमेंट आहे की डाय, हे विचारा. डाय शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो, पाणी लागलं की अक्षर पसरतं. पिगमेंटमध्ये रंगाचे सूक्ष्म कण असतात, ते कागदावर बसून राहतात. काही मॉडेलांत चारही रंग डाय असतात, काहींत काळी तेवढी पिगमेंट. तुमच्याकडची मुलं जून-जुलैच्या पावसात दप्तरं भिजवत येणार, तेव्हा काळी पिगमेंट असलेलं मॉडेल मिळालं तर तेच घ्या. विक्रेत्याला नक्की सांगता आलं नाही, तर नमुन्याचं एक पान छापून घ्या, पाच मिनिटं वाळू द्या आणि त्यावर बोटाने पाण्याचा थेंब फिरवा. लगेच कळेल.

दुसरा प्रश्न वाया जाणाऱ्या शाईचा, आणि तो फार थोडे लोक विचारतात. हेड साफ करताना निघणारी शाई प्रिंटरच्या तळाशी एका स्पंजमध्ये जमते. तो भरल्याचा हिशेब यंत्र ठेवतं आणि एका टप्प्यावर छपाईच बंद करतं. काही मॉडेलांत ही शाई एका सुट्या डबीत जमते, ती आपण घरी बदलू शकतो. इतरांत सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने सुटी डबी असलेलं मॉडेल निवडणं केव्हाही सोयीचं. तसं नसेल तर जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे, ते बिल करण्याआधी विचारून घ्या. वॉरंटी वर्षांत आहे की पानांच्या संख्येतही आहे, तेही वाचा. बऱ्याचदा दोन्हींपैकी जे आधी संपेल ते धरतात. हेड बिघडलं तर ते सुटं बदलता येतं का, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे.

शाई कंपनीचीच घ्या. चारशेची बाटली वर्षभर पुरत असताना तिथे दीडशे रुपये वाचवायला जाऊन हेड धोक्यात घालण्यात काही मिळत नाही. एका जातीच्या शाईत दुसरी कधीही मिसळू नका, डाय आणि पिगमेंट एकत्र आले तर गुठळ्या होऊन हेड बुजू शकतं. रंगांच्या टाक्या वेगवेगळ्या असल्याचा मुलीच्या प्रोजेक्टना फायदा होईल. सध्याच्या तिरंगी कार्ट्रिजमध्ये एक पिवळा संपला तरी उरलेल्या दोन रंगांसकट ती फेकावी लागते. टाकीत जो संपेल तोच भरायचा. मात्र बऱ्याच साध्या मॉडेलांत शाई किती उरली हे यंत्र मोजत नाही, आपणच टाकीकडे बघायचं असतं. पातळी खालच्या रेषेखाली जाऊ देऊ नका. नळ्यांत हवा शिरली तर ती काढताना खूप शाई वाया जाते.

रोजच्या वापरात सर्वांत महत्त्वाची सवय प्रिंटर बंद करण्याची. आपल्या घरांत काम झालं की भिंतीवरचा खटका बंद करतात. तसं करू नका. आधी प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबा, दिवा विझेपर्यंत थांबा आणि मग खटका. बटणाने बंद केल्यावर हेड आपल्या जागी जाऊन रबरी टोपणावर बसतं, त्यामुळे सुकत नाही. छपाई चालू असताना वीज गेली तर ते मध्येच उघडं राहतं, म्हणून वीज आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून बटणाने नीट बंद करा. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, कारण रात्री सगळे खटके बंद करत फिरणारं एक माणूस प्रत्येक घरात असतं.

तुमच्या बाबतीत खरी कसोटी मे महिन्याची. शिकवणी बंद, उन्हाळा कडक, तुम्ही पंधरा दिवस माहेरी. या काळात आठवड्यातून एकदा चारही रंग असलेलं एक पान निघायलाच हवं. प्रिंटरच्या मेनूत नोझल, म्हणजे हेडची भोकं, तपासणीचं पान असतं, तेवढं पुरतं. जाताना ते कसं काढायचं ते यजमानांना दाखवून जा. परत आल्यावर रेषा तुटक दिसल्या तर हेड सफाई एकदा-दोनदा करा. तरी सुधारलं नाही तर लगेच पुन्हा पुन्हा करत बसू नका, प्रिंटर बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी परत बघा. सलग सफाईत शाई जाते आणि स्पंजही लवकर भरतो.

प्रिंटर फळ्याजवळ ठेवू नका. खडूची भुकटी त्याच्या आत जायला नको. वापर नसताना वर कापड घाला. टाक्या भरल्यावर प्रिंटर कधीही तिरका किंवा उभा करून उचलू नका, साफसफाईच्या दिवशी तर विशेष जपा. पावसाळ्यात कागद दमट होतो, दोन-दोन एकदम ओढले जातात, अडकतात. उघडलेली रीम प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवा आणि ट्रेमध्ये लागतील तेवढेच कागद घाला. छापताना सेटिंगमध्ये ग्रेस्केल (फक्त काळ्या-करड्या छटा) निवडायला विसरू नका, नाहीतर काळ्या मजकुरातही रंगीत शाई थोडीथोडी खर्ची पडू शकते.

राहिला वर्षाच्या आतला प्रिंटर. त्याला दिलेले ४,५०० आता परत येत नाहीत, नवा घेतला तरी आणि नाही घेतला तरी. त्यामुळे निर्णयात ते पैसे धरूच नका. चालू स्थितीत आहे, बिल आहे, तर महिन्याला पंचवीस-तीस पानं लागणाऱ्या एखाद्या घराला तो अर्ध्या किमतीत देऊन टाका, पण कार्ट्रिजची किंमत आणि दीडशे पानांची गोष्ट त्यांना आधी सांगा. पुढे कधी तो बंद पडला तर भंगारवाल्याकडे न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच जायला हवा, हेही सांगून ठेवा. घरात एखादी न उघडलेली कार्ट्रिज शिल्लक असेल तर ती त्याच्याबरोबर द्या आणि तिचे पैसे वेगळे लावा. नवी मात्र आता घेऊ नका. वहीतली महिन्याची नोंद पूर्ण होईपर्यंत लागतील ती पानं झेरॉक्सच्या दुकानातून आणा.